वेगाची गाडी, बेताची भूक

घरात नवी स्कूटर किंवा मोटार आली की, पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" पण रस्त्यावरून एखादी बुटकी, चपटी, दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार निघून गेली, तर तिच्याविषयी हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. जी गाडी वेगाने पळते ती पेट्रोल पिणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. पैलवान म्हटला की त्याचा खुराक आलाच!

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे पुष्कळ शौकीन आहेत. ते एकत्र जमले आणि तरुणपणीच्या गाड्यांच्या आठवणी निघाल्या की, दोन प्रकारच्या गोष्टी ऐकू येतात. कोणी १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओचे कौतुक करतो. तिचे इंजिन ६.४ लिटरचे, शक्ती ३२५ अश्वशक्ती. मात्र ती गॅलनला दहा ते पंधरा मैलांपेक्षा जास्त जात नसे, हेही तो हसत कबूल करतो. मग दुसरा कोणी १९८० नंतरच्या होंडा सीआरएक्सचे नाव काढतो. तीही स्पोर्ट्‌स कारच. वळणावर रुळावरून चालल्यासारखी चालणारी, चालवताना मजा देणारी. आणि तिच्या 'एचएफ' नावाच्या प्रकाराबद्दल तो सांगतो की, ती गॅलनला पन्नास मैल देत असे!

ऐकणाऱ्याला वाटते, ही शुद्ध बढाई असणार. आठवणीतला आंबा नेहमीच जास्त गोड असतो. पण मित्रहो, आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. एखादे विधान ऐकून नुसते हसणेही बरे नाही आणि माना डोलावणेही बरे नाही. ते तपासून पाहावे. त्यासाठी मोटार लागत नाही. कागद, पेन्सिल आणि शाळेत शिकलेले थोडे बलविज्ञान पुरते.

आधी गॅलन कोणता ते विचारा

तपासणीची पहिली पायरी म्हणजे एकके. इंग्लंडचा गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणजे इंग्लंडमधला माणूस "गॅलनला पन्नास मैल" म्हणाला, तर त्याचा अर्थ लिटरला सुमारे १७.७ किलोमीटर. तेच शब्द अमेरिकन माणसाने उच्चारले, तर लिटरला सुमारे २१.३ किलोमीटर! शब्द तेच, पण अंतर साडेतीन किलोमीटरांनी वाढले. दोन देशांचे शौकीन एकमेकांशी वाद घालतात तेव्हा निम्मा वाद गाड्यांचा नसून गॅलनचा असतो.

दुसरी गोष्ट, आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे? इंग्लंडमध्ये १९७८ पासून कंपन्यांना जे आकडे जाहीर करावे लागत, त्यांत एक आकडा ताशी ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर, अशा एकसारख्या वेगाचा असे. सिग्नल नाही, गर्दी नाही, ब्रेक नाही. असा आकडा मोठाच येणार.

तिसरी गोष्ट आपल्या मनाची. वीस वेळा टाकी भरली, तर त्यांतली ज्या वेळी सर्वांत चांगले ॲव्हरेज मिळाले तीच वेळ माणसाच्या लक्षात राहते. परीक्षेतले गुण सांगतानाही आपण हेच करतो, नाही का?

सीआरएक्स एचएफच्या बाबतीत मात्र आपल्याला केवळ आठवणींवर अवलंबून राहावे लागत नाही. अमेरिकन सरकारच्या चाचणीतही तिला महामार्गावर गॅलनला पन्नास मैलांच्या आसपासच आकडा मिळाला होता, आणि तोही अमेरिकन गॅलनला. मग हे साधले कसे?

गाडी कोणाशी झुंजते?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला कोणते बल लागते? न्यूटनचा पहिला नियम आठवा. वेग बदलत नसेल तर बलाची गरजच नाही! पण प्रत्यक्षात गाडीला मागे खेचणारी दोन बले असतात आणि तेवढ्यापुरताच इंजिनाला जोर लावावा लागतो.

पहिले बल टायरांचे. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. या दाबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्ची पडते. हे बल गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असते. साधारणपणे वजनाच्या शंभरातला एक भाग, किंवा थोडे जास्त.

दुसरे बल हवेचे. सायकल जोरात हाणताना समोरून येणारा वारा छातीला लागतो, तोच हा विरोध. तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिचा आकार आणि तिचा वेग. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो. आकाराचा परिणाम एका आकड्याने सांगतात, त्याला अवरोध गुणांक म्हणू. सपाट फळी वाऱ्यासमोर धरली तर तो एकाहून थोडा जास्त येतो. त्या काळच्या साध्या चौकोनी मोटारींचा ०.४५ च्या आसपास असे. सीआरएक्सचा होता सुमारे ०.३०.

तिचा आकार डोळ्यांसमोर आणा. नाक खाली झुकलेले, पाठीचा उतार हलका, आणि मागची बाजू एकदम कापल्यासारखी सरळ. ही कापलेली शेपूट पाहून नवल वाटेल. हवेतून सहज जाण्यासाठी माशासारखी लांब निमुळती शेपूट उत्तम खरी, पण एवढी लांब गाडी वळवायची कुठे? जर्मनीच्या वुनिबाल्ड काम या अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, शेपटी निमुळती व्हायला सुरुवात झाल्यावर ती मध्येच कापून टाकली तरी बराचसा फायदा टिकून राहतो. या आकाराला त्याचेच नाव पडले आहे.

आता हिशेब

१९८८ सालच्या सीआरएक्स एचएफचे वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास होते. चालकासह ९०० किलो धरू. समोरून दिसणारे क्षेत्रफळ अंदाजे १.७ चौरस मीटर धरू. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर.

हवेचा विरोध = ½ × हवेची घनता × गुणांक × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग
= ½ × १.२ × ०.३० × १.७ × ६२५ = सुमारे १९० न्यूटन.

टायरांचा विरोध = ०.०१२ × ९०० × ९.८ = सुमारे १०६ न्यूटन.

बेरीज झाली जवळजवळ ३०० न्यूटन. हे बल किती? तीस किलोची गोणी दोरीने उचलून धरायला जेवढा जोर लागतो तेवढे! ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला एवढाच जोर पुरतो, हे वाचून तुम्हांला आश्चर्य वाटले असेल.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग : ३०० × २५ = ७,५०० वॅट, म्हणजे अवघी दहा अश्वशक्ती. एचएफच्या दीड लिटरच्या इंजिनाची पूर्ण शक्ती ६२ अश्वशक्ती होती. तीही बरीचशी राखीवच राहते.

आता पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ३२० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. पण इंजिन ती सगळी चाकांपर्यंत पोचवू शकत नाही. चांगल्या स्थितीत शंभरातले पंचवीस भाग पोचतात, बाकीचे उष्णता होऊन धुरांड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जातात. म्हणजे कामाचे उरले ८० लाख ज्यूल. एक किलोमीटर जाण्यासाठी लागणारी ऊर्जा ३०० न्यूटन × १,००० मीटर, म्हणजे ३ लाख ज्यूल. भागाकार करा : लिटरला २६ किलोमीटरांहून थोडे जास्त!

हे झाले एकसारख्या वेगाचे, आदर्श स्थितीतले उत्तर. रस्त्यावर वेग कमीजास्त होतो, इंजिनही सतत चांगल्या स्थितीत चालत नाही. तेव्हा चाचणीतले २१ किलोमीटर अगदी पटण्याजोगे आहेत. शौकिनाची ती आठवण बढाई नव्हती.

बल दुप्पट, पेट्रोल तिपटीहून जास्त

आता हाच हिशेब जीटीओसारख्या मोठ्या गाडीसाठी करू. चालकासह वजन १,७०० किलो, गुणांक ०.४५, क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर असे धरले, तर त्याच वेगाला हवेचा विरोध ३७० न्यूटन आणि टायरांचा २०० न्यूटन येतो. एकूण ५७० न्यूटन. म्हणजे सीआरएक्सच्या जवळजवळ दुप्पट.

मग पेट्रोलही दुप्पटच लागायला हवे. जीटीओने लिटरला दहा-अकरा किलोमीटर द्यायला हवेत. पण तिच्या मालकांनी सांगितलेला सर्वांत चांगला आकडा, गॅलनला पंधरा मैल, धरला तरी लिटरला सव्वासहा-साडेसहा किलोमीटरच होतात. पेट्रोल तिपटीहून जास्त लागते. बाकीचे गेले कुठे?

उत्तर इंजिनाच्या पोटात आहे. घरातली औषधाची रिकामी, बिनसुईची पिचकारी घ्या. तोंड उघडे ठेवून दट्ट्या मागे ओढा, सहज येतो. आता तोंडावर बोट दाबून ओढा. किती जोर लागतो! पेट्रोल इंजिनातही सिलिंडरमध्ये दट्ट्या असतो आणि तो हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की आत येणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप मिटत जाते. म्हणजेच पिचकारीच्या तोंडावर बोट येते. दट्ट्याला निर्वात ओढण्यातच शक्ती घालवावी लागते.

जीटीओला ताशी ९० किलोमीटर वेगासाठी एकोणीस-वीस अश्वशक्ती पुरेत. ३२५ अश्वशक्तीच्या इंजिनातून वीसच हव्या असतील, तर झडप जवळजवळ मिटलेलीच ठेवावी लागणार. आठही सिलिंडर बोट लावलेल्या पिचकाऱ्यांसारखे कण्हत राहतात. शिवाय आठ दट्ट्यांचे घर्षण काम कमी आहे म्हणून कमी होत नाही. एका माणसाचा चहा करायला लग्नाचे पातेले चढवावे, तसा हा प्रकार. पातेले तापवण्यातच इंधन संपते.

सीआरएक्स एचएफचे इंजिन लहान आणि तिचा वरचा गिअर असा की, गाडी वेगात असतानाही इंजिन सावकाश फिरे. त्यामुळे झडप बरीच उघडी राही आणि प्रत्येक दट्ट्या मनापासून काम करी. बचतीचे गुपित हे असे दुहेरी होते : आधी गाडीची गरज कमी करायची आणि मग त्या गरजेला शोभेल एवढेच इंजिन द्यायचे.

आगीच्या बंबातून शर्यतीत

ही कल्पना होंडाच्या आधीही कोणाला सुचली होती का? अवश्य. १९५७ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात कॉलिन चॅपमन याच्या लोटस कंपनीने 'एलिट' नावाची गाडी मांडली. तिचे सर्व अंग काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रणाचे होते. खाली पोलादी सांगाडाच नव्हता. वजन सुमारे ५०० किलो. विमानांच्या वायुगतिशास्त्रात काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनचाही तिच्या आकाराला हातभार लागला होता. तिचा अवरोध गुणांक होता ०.२९! दारांच्या काचा इतक्या वळणदार होत्या की त्या खाली सरकत नसत. वारा हवा असेल तर सबंध काच काढून ठेवायची.

तिचे १,२१६ घनसेंटिमीटरचे इंजिन मूळ आगीच्या बंबाच्या कुळातले. आग लागल्यावर पाण्याचा पंप माणसांना उचलून नेता यावा, म्हणून कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने ॲल्युमिनियमचे हलके इंजिन बनवले होते. आग विझवण्यासाठी जो गुण हवा, तोच शर्यतीलाही हवा होता! सुमारे ७५ अश्वशक्तीवर एलिट ताशी १७५ किलोमीटरच्या पुढे जाई, आणि तरीही ब्रिटिश गॅलनला चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला सुमारे चौदा किलोमीटर देई.

फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तासांची प्रसिद्ध मोटार शर्यत होते. सर्वांत जास्त अंतर कापणाऱ्याला बक्षीस तर असेच. पण त्या काळी आणखी एक बक्षीस होते. गाडीचे वजन, तिचा वेग आणि तिने जाळलेले इंधन यांचा मेळ घालून औष्णिक कार्यक्षमतेचा निर्देशांक काढीत. लोटस एलिटने हे बक्षीस दोनदा पटकावले. १९५९ साली तर आपल्या गटात पहिली येऊन एकूण शर्यतीतही ती आठवी आली. म्हणजे काटकसर हा शर्यतीतला एक डावच होता. जी गाडी कमी पिते तिला पेट्रोल भरायला कमी वेळा थांबावे लागते.

मग या गाड्या गेल्या कुठे?

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध भडकले, अरब देशांनी तेल अडवले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली तिथे कायदा झाला की, १९८५ पर्यंत प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींची सरासरी गॅलनला २७.५ मैल व्हायला हवी. सीआरएक्ससारख्या गाड्या या काळाची अपत्ये. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, लोकांना मोठ्या गाड्या आवडू लागल्या आणि १९९१ च्या सुमारास सीआरएक्सचे उत्पादन थांबले.

शौकीन खंतावून म्हणतात की, पूर्वी जमत होते ते आता का जमू नये? प्रश्न रास्त आहे, पण उत्तराची एक बाजू ते विसरतात. त्या गाड्या हलक्या होत्या, कारण त्यांच्यात पुष्कळ गोष्टी नव्हत्या. अपघातात माणसाला सांभाळणाऱ्या हवेच्या पिशव्या नव्हत्या, दारांत आजच्यासारख्या बळकट आडव्या पट्ट्या नव्हत्या. समोरून जड ट्रक आला तर सव्वाआठशे किलोच्या गाडीतल्या माणसाचे काय होणार? आजच्या गाडीचे वाढलेले वजन म्हणजे सगळीच चरबी नव्हे. त्यातला काही भाग चिलखत आहे. पण काही भाग नुसता डौल आहे, हेही तितकेच खरे.

त्या वजनाची किंमत शहरात कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ९०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ८७ हजार ज्यूल असते. १,५०० किलोच्या गाडीची १ लाख ४५ हजार. प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा तापलेल्या ब्रेकमधून हवेत जाते, आणि पुन्हा वेग घ्यायला ती पेट्रोलमधून आणावी लागते. येथे नव्या तंत्राने मात केली आहे. १९९९ साली होंडानेच 'इनसाइट' ही दोन आसनांची गाडी काढली : ॲल्युमिनियमचे अंग, गुणांक ०.२५, एक लिटरचे इंजिन, आणि जोडीला विजेची मोटर. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र बनते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरते. आजच्या विजेच्या गाड्याही हेच करतात. पण हवा आणि टायर त्यांनाही सोडत नाहीत. हलकेपणा आणि गुळगुळीत आकार यांचे महत्त्व तिथेही तेवढेच आहे.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. पण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेत राहतो आणि पृथ्वी तापवतो. तीस किलोची गोणी धरण्याइतक्या जोराने जे काम होते, त्यासाठी आपण किती जाळावे, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षे तुमच्यापुढे असणार आहे.

तुम्हीही मोजून पाहा

घरी स्कूटर, मोटारसायकल किंवा मोटार असेल तर वडिलांना किंवा आईला सांगून एक प्रयोग करा. टाकी भरून घ्या आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. नेहमीसारखी गाडी चालवून द्या. पुढच्या वेळी त्याच पंपावर टाकी तेवढीच भरा, किती लिटर मावले ते लिहा आणि भागाकार करा. असे एकदा करून थांबू नका. सलग पाच-सहा वेळा करा. मग टायरांतली हवा कंपनीने सांगितल्याएवढी भरून घ्या, अकारण वेग घेणे आणि करकचून ब्रेक लावणे टाळायला सांगा आणि पुन्हा पाच-सहा वेळा मोजा. दोन सरासरींत काय फरक पडला?

यापुढे शेजाऱ्यांनी "किती देते?" असे विचारले, तर सर्वांत मोठा आकडा सांगू नका. वही काढा आणि सरासरी सांगा. आणि जमले तर त्यांनाही उलट विचारा, की तुमच्या गाडीला मुळात लागते किती?